एक यंत्र, दोन खोल्या

४ मार्च
बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसातून घरी आलो तेव्हा सुजाता मागच्या खोलीतच होती. वर धिंगरी मशरूमच्या पिशव्या टांगलेल्या, खाली ती स्टुलावर, हातात थर्मामीटर. म्हणाली, एकतीस दाखवते, अजून होळीही नाही झाली.
दर वर्षी एप्रिल ते जून ही खोली बंद असते. धुऊन, चुना मारून, कुलूप. यंदा बंद करायची नाही म्हणते. एसी बसवू म्हणते.
मी म्हटलं, बसवायचाच तर आधी तुझ्या निजायच्या खोलीत बसवू. तिनं पिशव्यांत भरायचा भुसा, कुटार, भिजत घालायचा विषय काढला.
यापुढे नुसतं सु. लिहीन. बायकोचं पूर्ण नाव लिहिताना आजकाल हात उगाच थांबतो.

६ मार्च
नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. सु.च्या एम.एस.चं, मल्टिपल स्क्लेरोसिसचं, हे तिसरं वर्ष. त्यांनी पुन्हा तेच समजावलं. नसांवरचं आवरण विरलंय. अंग तापलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही, वाटेतच राहतो. अंग गार झालं की पोचतो. उन्हानं नवीन बिघाड होत नाही, आहे तो उघडा पडतो. तेव्हा गोळ्या चालू ठेवा आणि बाईंना थंड ठेवा.
मागच्या मे महिन्यात अंघोळीचं पाणी जरा कढत झालं तर पाय गेले होते. मोरीत बसून राहिली, हाक मारली नाही.
म्हणून माझ्या डोक्यात एसी म्हणजे तिची खोली. तिच्या डोक्यात एसी म्हणजे धिंगरी.
रात्रीच्या पोळ्या लाटत होती तेव्हा विचारलं, याच वर्षी काहून? पोळपाटावरून नजर न काढता म्हणाली, "एक पुरं वर्ष खोली बंद न करता चालवून पाहाची आहे. पुढच्या उन्हाळ्यात हात कसे राहतीन, कोणाले ठाऊक."
मी पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.

९ मार्च, रविवार
वायरमन येऊन गेला. मीटर पाहिला, मग बाहेर जाऊन विजेच्या डीपीकडे पाहिलं. गल्लीतला डीपी भरलाय, लोड वाढवून मिळेल तो पावसाळ्यानंतर. तोवर या घरात एकच मोठं यंत्र चालेल. दोन लावले तर सगळ्या गल्लीचे पंखे मंदावतील, लोक दारात येतील.
म्हणजे एकच. ती की धिंगरी.
सु.नं चहा केला, वायरमनला दिला.

१५ मार्च
अकोल्याहून रफीकभाई आले. मायानं, म्हणजे सु.च्या धाकट्या बहिणीनं, पाठवले. ती अकोल्यातच असते, तिच्या शाळेतले एसी तेच बघतात. मोर्शीकडे संत्र्याच्या शीतगृहांचं काम केलंय. साठीचे, सावकाश बोलणारे. खोली मोजली, स्लॅबला हात लावून पाहिला, पश्चिमेची भिंत बघून मान हलवली. म्हणाले, पहिले सब फटी बंद करा, खिडकी बंद करा, थर्माकोल मारा. मग यंत्र लहान लागेल.
सु. आत गेली, फ्रिजमधून एक झुपका घेऊन आली. लांब लांब देठ, वर टोपी नाहीच. "हे पाहा. खिडकी बंद राहिली तर असे येतात. यायले श्वास लागते."
रफीकभाईंनी तो झुपका बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाले, "संत्रं तोडलं का झोपते, बहेन. हे तर जागं है."
मग सगळा हिशेब बदलला. ताजी हवा आत घ्यायची म्हणजे बाहेरचं ऊन आत घ्यायचं, ते पुन्हा गार करायचं. वर एसी हवा कोरडी करतो आणि धिंगरीला ओल पाहिजे, म्हणजे फवारा वेगळा. मोठं यंत्र. पण मोठं यंत्र मीटर सोसत नाही.
विचार करून सांगतो म्हणाले. जाताना तो झुपका मागून घेतला. बेगमला दाखवतो म्हणे.

२३ मार्च, रविवार
अकोला. तिथे एक जण उन्हाळाभर मशरूम काढतात, त्यांच्या खोल्या पाहायला गेलो. माया स्टेशनवर आली होती, रफीकभाई तिथेच भेटले.
चार खोल्या, एक मोठं यंत्र, छताखालून पत्र्याचा जाड नळ सगळ्या खोल्यांतून फिरवलेला. प्रत्येक खोलीत त्याला तोंड. आत गेलं की माघ महिना. सु.चा चेहरा पाहण्यासारखा होता. मला कोपरानं ढकललं, म्हणाली, हाच नळ आपल्या निजायच्या खोलीत नेता येईन. दोघायचं काम होईन.
मलाही पटलं. इतकं सोपं!
मग मालकाच्या बायकोनं पाणी आणून दिलं. ती सारखी खोकत होती. सु.नं विचारलं तर म्हणाली, मशरूम फुललं की पांढरी भुकटी उडते, ती नळातून सगळीकडं जाते, आमचा स्वयंपाकसुद्धा त्याच हवेत. रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, नुसता हात आडवा हलवला. नळ बाद.

परतीची गाडी उशिरा. दुपारचा डबा म्हणजे भट्टी. सु.नं मानेवर ओला रुमाल ठेवला, तोही सुकला. बडनेऱ्याला उतरली खरी, पण फलाटावर चार पावलं टाकली आणि म्हणाली, "अहो, पाय नाई सांगून राहिले." बाकावर बसवली. जिना समोर. मी उचलून नेतो म्हटलं तर नको, लोक बघतात.
मी आमच्या पार्सल ऑफिसात गेलो. ड्युटीवर वानखडे होते. त्यांनी हातगाडी काढली, वर कोरी ताडपत्री घातली, टोकाच्या रुळावरच्या वाटेनं ढकलत आणली. सु. त्यावर बसली, पदर नीट केला, पर्स मांडीवर. मी एकीकडून, वानखडे दुसरीकडून. सिग्नलपाशी आल्यावर विचारते, "माही पावती फाडली का?"
वानखडे इतके हसले की गाडी थांबवावी लागली. मी पण. मग मला एकदम पुढचं काही दिसेना, चष्मा काढून पुसला. तिनं पाहिलं, दुसरीकडे बघितलं.

२४ मार्च
सकाळी गार पाण्यानं अंग पुसलं, दहापर्यंत चालायला लागली. पहिलं काम म्हणजे मागच्या खोलीत.

३० मार्च, रविवार
रफीकभाईंचा फोन. आधी म्हणाले, कूलरवर भागवा आणि उन्हाळ्यात दुधी मशरूम लावा, ते तापते तरी येते, एसी विकून मी काय करू. सु. म्हणाली, ते मले माहीत आहे भाई, पण माह्या गिऱ्हाइकाले धिंगरी पायजे, आन् कूलर जूनमध्ये कामाचा नाही, हवाच ओली असते.
मग खरं सुचवलं. बाहेर एकच यंत्र, आत दोन. प्रत्येक खोलीला आपापली हवा, आपापला रिमोट. भुकटी इकडची तिकडे जाणार नाही. मीटर सोसेल. पण बाहेरच्या यंत्राची ताकद तेवढीच. मे महिन्यात दोन्ही खोल्या पूर्ण गार करणं होणार नाही. एकीला कमी मिळेल.
कोणाला कमी, हे त्यांनी सांगितलं नाही. हुशार माणूस.

३ एप्रिल
कामावरून आलो तर मागच्या खोलीत फरशीवर खडूची रेघ. भिंतीपासून भिंतीपर्यंत, बरोबर मधोमध. सु. रेघेच्या पलीकडे उभी.
मी म्हणालो, माझी काही जबरदस्ती नाही, सगळा गारवा धिंगरीला दे, निजायच्या खोलीत कूलर आहेच. हे मी रात्रभर घोकलेलं. म्हणायचं नव्हतं, पण म्हणालो.
"मले दोन्ही पायजे," ती म्हणाली. "अर्धी खोली धिंगरी घेईन. इथून पडदा लावू. अर्ध्या पिशव्या कमी केल्या."
आठ वर्षांत तिनं एक एक दोरी वाढवत ही खोली भरली होती. अर्ध्या दोऱ्या तिनं स्वतः सोडल्या होत्या आधीच, गुंडाळून खिळ्याला अडकवल्या होत्या. मी येण्याआधी.

११ एप्रिल
यंत्र बसलं. रफीकभाई आणि त्यांचा भाचा दिवसभर. मागच्या खोलीत थर्माकोल, जाड प्लास्टिकचा पडदा, ताज्या हवेचा पंखा, फवारा. बाहेरचं यंत्र उत्तरेच्या भिंतीला, वर छोटं छप्पर. निजायच्या खोलीत पांढरा डबा, कपाटाच्या वर.
संध्याकाळी दोन्ही सुरू केले. सु. पलंगावर बसून त्या डब्याकडे बघत राहिली. म्हणाली, कोणी पाहुणा आल्यासारखं वाटते, त्याच्यासमोर कपडे कसे बदलायचे.

१४ एप्रिल
पहाटे ऊन चढायच्या आत विहारात जाऊन आलो. सु. पांढऱ्या साडीत. वंदना होईपर्यंत उभी राहिली, पूर्ण.
दिवसभर माणसं. खीर सगळ्यांनी निजायच्या खोलीतच खाल्ली, पलंगावर, खाली, दारात. जो येईल तो म्हणे, इथंच बसतो जरा. एरवी बाहेरच्या खोलीत बसणारे माझे मामा उशीला टेकून झोपलेसुद्धा. सु. मधोमध, सगळ्यांशी बोलत. संध्याकाळच्या मिरवणुकीला जाता आलं नाही, ढोल खिडकीतून ऐकले. पाय ताल धरत होते तिचे. मी पाहत होतो.

२६ एप्रिल
हे लिहायला हात धजत नाही.
दुपारी वीज मंद होती, ऑफिसातही पंखे रेंगाळत होते. मनात आलं म्हणून लवकर निघालो. घरी निजायच्या खोलीचा एसी बंद. खिडकीतून झळ. सु. खाली फरशीवर, पाठ पलंगाला टेकून, पाय पुढे टाकलेले, जसे कोणाचे दुसऱ्याचे. शुद्धीवर होती. बोलताना जीभ जड.
बंद पडला का? तर नाही. तिनंच बंद केला. पिशव्यांवर नुकत्या टाचण्या, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे कोंब, फुटल्या होत्या, मागच्या खोलीचा काटा चढत होता, आपला बंद केला की तिकडे नीट गार होते हे तिला कळलं होतं. सकाळी मी गेलो की बंद करायची, मी यायच्या आधी सुरू करायची. आज सुरू करायला उठता आलं नाही. किती दिवसांपासून, विचारलं नाही. ऐकवलं नसतं.
ओले टॉवेल, मान, काखा, तळवे. टॉवेल गुंडाळता गुंडाळता मी बोललो. उद्याच सगळ्या पिशव्या फेकून देतो, खोलीला कुलूप लावतो, किल्ली कालव्यात टाकतो. आवाज चढला होता. तिनं डोळे मिटून घेतले.

२७ एप्रिल, रविवार
चालते. बोलत नाही. मीही नाही. भात कच्चा राहिला, दोघांनी तसाच खाल्ला.
पिशव्या फेकल्या नाहीत. खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो.

२८ एप्रिल
सकाळी डबा भरताना ती बोलली. ओरडून नाही, सावकाश, मी बुटाची नाडी बांधत होतो.
"मले थंड ठेवता, बरं करता. पण कायच्यासाठी ठेवता, थेही सांगा. पलंगावर निजून राहासाठी?"
मी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. बस गेली. ऑफिसात दिवसभर पार्सलवर शिक्के मारले, एकाच्या पत्त्यावर दुसऱ्याचा. वानखडेंनी शांतपणे दुरुस्त केले.
घरी येऊन म्हणालो, मला शिकव. आत मी जातो. तू तुझा एसी बंद करायचा नाही.
"तुमच्यानं नाई होत," म्हणाली. पण म्हणताना तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी होतं.

१ मे
सुट्टी. शिकवणी. ती दाराशी खुर्चीवर, मी आत. नाकाला फडकं बांधलेलं. पहिला झुपका ओढला तर निम्मी पिशवी हातात आली. "ओढू नका. बुडाशी धरून पिळा द्या, नळाची चावी फिरवल्यासारखा." दुसरा बरा आला. तिसरा तिनं हातात घेऊन उलटा करून पाहिला, टोपलीत ठेवला. पास.
पण दार उघडं राहिलं की पडद्यातून गारवा जातो. आणि भुकटी तिच्या अंगावर येते. आज दोनदा खोकली. अकोल्याची ती बाई आठवली.

४ मे, रविवार
दोन्ही खोल्यांत एकच भिंत आहे. इतकी वर्षं या घरात राहतो, आज दिसलं.
रफीकभाईंना फोन केला. भिंत फोडून तिथे काच बसवली तर, सु.ला पलंगावरून सगळं दिसेल? म्हणाले, लावा, लेकिन डबल, मधी पोकळी ठेवून, नाहीतर एका बाजूनं घाम येईल. आणि उघडणारी नको, घट्ट. मग म्हणाले, अच्छा सोचा भाऊ.
सु.ला अजून सांगितलं नाही, गवंडी ठरल्यावर सांगेन.

५ मे
सांगितलं. म्हणाली, भिंत फोडतात का कोणी मशरूमसाठी! मी म्हणालो, मशरूमसाठी कोण फोडून राहिलं.
यावर ती उठून कपड्यांच्या घड्या करायला लागली. घड्या केलेल्याच होत्या.

११ मे, रविवार
काच बसली. सकाळी गवंडी, दुपारी पुसापुशी. पलंग सरकवून काचेला लावला. सु. उशीला टेकून बसली तर समोर सगळ्या पिशव्या, पांढऱ्या, वरपासून खालपर्यंत टाचण्यांनी भरलेल्या. आपल्या खोलीत सव्वीस, तिकडे बावीस-तेवीस.
तिनं काचेला हात लावला. मी तिकडून लावायला हवा होता, सुचलं नाही. मी झाडू शोधत होतो.

१९ मे
काचेतून कारभार सुरू. आवाज येत नाही, म्हणून खुणा. बोट खाली म्हणजे खालची पिशवी. मूठ म्हणजे थांबा, अजून लहान आहेत. फोनवर बोलता येतं, पण हात ओले असतात माझे.
आज तिनं जोरात हात हलवला, मी इकडून हलवला. पुन्हा हलवला, मी पुन्हा. शेवटी कपाळावर हात मारून घेतला. फवाऱ्याचा नळ माझ्या पायाशी निसटला होता, पाणी बुटात. ती पलीकडे हसत होती, आवाजाशिवाय, पोट धरून.
बाहेर पंचेचाळीस होतं म्हणे आज. माल चांगला निघाला. मी वजन करून पोचवून आलो. हॉटेलवाला म्हणाला, मे महिन्यात? ताजे? मी म्हणालो, मॅडमचे आहेत.

२ जून
सकाळी पोहे खाताना चमचा पडला. तिनं उचलला, पुन्हा पडला. उजवा हात.
खोली गार होती. अंग गार होतं, मी हात लावून पाहिला कपाळाला, मानेला. सव्वीसच होतं. मी रिमोटकडे दोनदा पाहिलं, जणू त्याची चूक निघाली तर बरं.
तीही समजली, हे उन्हाचं नव्हे. डाव्या हातानं खाल्लं, आणि काचेकडे वळून डाव्याच हातानं खूण केली, वरची पिशवी, आज.

५ जून
डॉक्टर म्हणाले, एमआरआय करून घ्या, वाट पाहू नका. नंबर मिळाला तो चौदा तारखेचा. माया दोन दिवस घर सांभाळायला येतेय. सु. तिला फोनवर अर्धा तास काय काय सांगत होती. तिनं सगळं लिहून घेतलं असेल तर घेतलं, नसेल तर आम्ही आल्यावर भांडण.

१५ जून, रविवार
नागपूर. काल यंत्रातून बाहेर आली तेव्हा ओठ सुकलेले. म्हणाली, आत इतकं थंड होतं, तुमच्या रफीकभाईनंही एवढं नसतं केलं.
आज डॉक्टरांनी चित्र दाखवलं. एक ठिपका नवा वाटतो. मागच्या वेळचं चित्र दुसऱ्या यंत्रावरचं, म्हणून खात्री नाही. शिरेतून द्यायचं औषध सुरू करू म्हणाले, हात परत येईल का, तर बऱ्याच जणांचा येतो. बरेच म्हणजे किती, विचारणार होतो. सु.नं टेबलाखालून गुडघा दाबला. नाही विचारलं.

१६ जून
घरी. माया म्हणाली, मी काही बिघडवलं नाही बघा. खरंच नाही. उलट पिशव्यांवर दुसरा बहर आलेला. सु. चप्पल न काढता काचेशी गेली. बराच वेळ तिथेच.

२२ जून, रविवार
औषधाची पहिली फेरी झाली. थकवा आहे. बोटं किंचित हलतात, की मला तसं वाटतं. ती म्हणते नुसतं तसं वाटते, मी म्हणतो हलतात, दोघंही एकमेकांना पाहून उलटं बोलतो असा मला संशय आहे.
दुपारी मी आत काम करत होतो. बाहेर आलो, हात धुतले, तिच्या शेजारी बसलो. खोलीत गारवा. ती झोपलीय असं वाटलं. डोळे मिटलेलेच होते, म्हणाली,
"पुढच्या उन्हाळ्यात पुरी खोली लावू. लोड वाढवून घ्या तोवर."
मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, विचार करायला थांबलो नाही. वायरमनला उद्या फोन करतो, हेही म्हणालो.
मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मी खरं बोलतोय का बघायला. काय दिसलं तिला, माहीत नाही. उजवा हात माझ्या मांडीवर आणून ठेवला, डाव्या हातानं उचलून.